शाप सुटेपर्यंत

३ जानेवारी
मंडळाच्या नव्या संगीत नाटकात शापाने अस्वल झालेला राजपुत्र आहे. काम मला मिळालं. दिग्दर्शक म्हणाला, शाप सुटेपर्यंत सगळं नाटक तुमच्या खांद्यावर. पुढचं विचारायची गरजच नाही. विचारलं नाही.
संकल्प: गोड बंद.

९ जानेवारी
अख्ख्या नाटकात एक मुख्य चाल. अस्वल ती खर्जात गातं, शाप सुटल्यावर राजपुत्र तीच वरच्या पट्टीत. चाल माझी. दिग्दर्शक माझ्याकडून फक्त खर्ज घोटून घेतो. वरचं राहू द्या म्हणतो. माझा गळा जपतोय. असा माणूस विरळा.

१५ जानेवारी
बायको राजपुत्राचा अंगरखा शिवतेय. कंबरेत माझी एक मांडी जेमतेम मावेल. माप चुकलं का विचारलं. म्हणाली, नीट घेतलंय. माझ्या डाएटवर हिचा एवढा विश्वास. डोळे भरून आले. त्या भरात दोन पेस्ट्र्या खाल्ल्या. उद्यापासून कडक.

२२ जानेवारी
मेहुणा रोज येतो. वरच्या पट्टीतलं गाणं शिकवा म्हणाला, हौस म्हणून. हातचं न राखता शिकवलं. हरकती, श्वासाच्या जागा, सगळं. बरा गातो. मी आजारी पडलो तर कामी येईल. पडणार नाही म्हणा.

३० जानेवारी
अस्वलाचं कातडं आणलं. पहिल्या झटक्यात बसलं. यातून पटकन बाहेर कसा येऊ, असं विचारलं. दिग्दर्शक म्हणाला, बाहेर यायचंच नाही, सिंहासनामागे आडवे व्हा. म्हणजे कपडे तिथेच बदलायचे. हुशार आहे.

१ फेब्रुवारी, प्रयोगानंतर
राजकन्येने कपाळावर हात ठेवला. शाप सुटला. मी सिंहासनामागे आडवा झालो, अंगरखा चाचपला. नव्हता. तो घालून मेहुणा पलीकडून निघाला. माझी चाल, माझ्या हरकती, श्वासही मी सांगितला तिथेच. टाळ्या थांबेनात. अस्वल दिसता कामा नये म्हणून पडदा पडेपर्यंत पडून राहिलो.

केसाने गळा कापला. दिग्दर्शकाचं सोडा, मेहुण्याचंही सोडा. माप हिने घेतलं होतं. फार लागलं.

कातड्याची चेन पाठीवर आहे, हात पोहोचत नाही. भावाचे फोटो काढून झाल्यावर ही आली. म्हणाली, तुम्हाला ठाऊक आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. मी ठणकावून सांगितलं, तुझा, तुझ्या भावाचा आणि या मंडळाचा माझ्याशी संबंध संपला. तोंडावर अस्वलाचं डोकं होतं.
ती म्हणाली, गुरगुरू नका, जरा वळा.
वळलो.