सीटखाली चार बोटं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वहीबाई, तुझ्यासारखं विसराळू मी कुणी पाहिलं नाही. पान उलटलं की मागचं सगळं पुसलं! म्हणून पुन्हा सांगते, आणि हे शेवटचं.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, सूनबाई लिहिते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आजोबा रोज किती खातात, कशाकडे बघतात, लिहून ठेवा.’ आजोबा म्हणजे आमचे म्हातारबुवा. छापखान्याच्या यंत्रांनी त्यांचे कान खाल्ले. थोडंफार ऐकू यायचं, तेही दोन वर्षांपूर्वी गेलं. सहा महिन्यांमागे न्हाणीत पडले. तेव्हापासून पाय लटपटतात आणि तोंडातून शब्द नाही. घसा बरा, पोट बरं. ‘मन उतरलंय,’ डॉक्टरीणबाई म्हणतात. महिनाअखेरपर्यंत खाणं वाढलं नाही, तर नाकातून नळी घालायची.

नळी! ज्या माणसाने माझ्या प्रत्येक भाजीला नावं ठेवली, त्याला नळी!

आज भाताच्या लगद्याचे दोन चमचे. दिवसभर भिंतीकडे बघितलं. त्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही. रंग मुलाने निवडलाय.

‘आई, हेपण लिहू?’ सूनबाई विचारते. लिही. तू विचारलंस तेही लिही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी गल्लीतून सिमेंटचा मोठा ट्रक गेला. खिडकीची काच थरथरली. कपातला चहा थरथरला. आणि ह्यांचं बोट खुर्चीच्या हातावर — टक. टक. टक-टक. मी पाहिलं! ट्रक लांब गेला, बोट थांबलं.

ह्या माणसाने चाळीस वर्षं, छापखाना सुटला की, बँडमध्ये मोठा ड्रम वाजवला. पट्टा गळ्यात, ड्रम पोटावर. मागचा माणूस दिसायचाच नाही, नुसते दोन पाय चालत यायचे. मी पाय बघून होकार दिला होता. तोंड नंतर बघितलं, तोवर उशीर झाला होता.

सूनबाई हसतेय. हस, पण ओळ वाकडी काढू नकोस. अक्षर येत नसलं तरी वाकडं मला दिसतं.

कान गेले म्हणून काय झालं? हाडं ऐकतात ह्यांची. आता हाडांपर्यंत आवाज पोचवायचा. कसा, ते मी बघते.

दोन चमचे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कोपऱ्यावर गाड्यांत स्पीकर बसवणाऱ्याचं दुकान आहे. समोरून जाताना माझी कवळी हलते, म्हणून मी त्याला धडधड्या म्हणते. तोंडावर म्हणते.

आज आत गेले. त्याच्या हातातला पाना खाली पडला. ‘आजी, आज परत तक्रार?’

‘नाही रे. आज गिऱ्हाईक.’

मग बसायला स्टूल दिलं, पुसून. मी सगळं सांगितलं. शहाणा आहे पोरगा, मधे बोलला नाही. म्हणाला, ‘तुम्हाला सबवूफर लागणार. बाकीचे स्पीकर कानासाठी, हा पोटासाठी.’

घरात बसवता येत नाही. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, आणि आमची फरशी दगडी, ती कशाने हलत नाही. पण अंगणात आमची जुनी गाडी उभी आहे. ती सगळी पत्र्याची. आत माणूस बसला की ड्रमच्या आत बसल्यासारखं! शिवाय त्या गाडीत बसायला हे कधी नाही म्हणत नाहीत. त्यांची जागा पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी.

आता प्रश्न एकच — सबवूफर बसवायचा कुठे?

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारभर दुकानात. धडधड्या म्हणतो, ‘सगळे डिकीत मोठा खोका ठेवतात.’ म्हटलं, सगळ्यांच्या डिकीत चाकांची खुर्ची असते का? आमच्या असते, जिन्याने वर कोण चढवणार ती?

तरी बघितलं. एका गिऱ्हाइकाच्या गाडीत खोका डिकीत होता. मी दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून रुमाल बांधला आणि पुढच्या सीटवर बसले. म्हातारबुवांना जसं लागेल तसंच मला लागलं पाहिजे ना! मांडीवर पाण्याची वाटी. ‘लाव!’ म्हटलं.

मागची काच खडखडली. पाणी जेमतेम हललं. सगळी धडधड मागच्या सीटने गिळली.

नापास.

मग तो म्हणाला, मागच्या काचेखालची फळी कापून त्यात बसवू. ती तर अजून मागे. दारात बसवू? आमच्या दाराचा पत्रा वाजवून बघ म्हटलं. त्याने टिचकी मारली आणि स्वतःच मान हलवली.

‘मग आजी, उरतं काय?’

उरतं ढुंगणाखाली! सरळ सीटखाली!

(लिही गं. डॉक्टरीणबाई काय लाजणार आहेत?)

रविवार, ९ फेब्रुवारी

मुलाला कळलं. सूनबाईने नाही सांगितलं, तिच्या तोंडावरून कळलं. तिला खोटं बोलता येत नाही, माझ्या हाताखाली राहून एवढंही शिकली नाही.

मुलगा म्हणाला, ‘आई, जुन्या गाड्या जमवणारा माणूस तेवीस तारखेला गाडी बघायला येतोय. जशी होती तशीच हवी त्याला. एक भोक दिसलं तरी नको म्हणेल.’

‘गाडी विकायची कुणी ठरवली?’

‘चालवतो कोण आता?’

त्याचंही खरं आहे. दोन वर्षं ती अंगण अडवून बसली आहे. पण बाप नळीवर जायच्या वाटेवर असताना ह्याला अंगण दिसतं! मी ओरडले नाही. म्हटलं, ‘एकही भोक पाडणार नाही.’

‘शब्द?’

‘शब्द.’

उठून खाली अंगणात गेला. डिकीचं झाकण मात्र हळूच लावून गेला. लहानपणी त्या झाकणात त्याचं बोट चेमटलं होतं.

दोन चमचे. तिसरा थुंकला.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज माप. मी आकडे लिहीत नाही, दोरीला गाठी मारते. तीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या त्या अशाच. कारखान्यातले साहेब फूटपट्टी घेऊन तपासायला यायचे आणि तोंड पाडून परत जायचे. ही सीटही मीच शिवलेली, गाडी घेतली त्या वर्षी.

सीटखाली हात घातला. गाडीच्या जमिनीपासून स्प्रिंगपर्यंत चार बोटं. दोरीला गाठ मारली आणि धडधड्याकडे नेली. त्याने एक चपटा खोका काढला — साडेतीन बोटं. तोंड खाली, जमिनीकडे. म्हणजे जमीन हलेल, तिच्याबरोबर सीट, सीटबरोबर माणूस.

बसतो! मी दुकानातच टाळी वाजवली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बसवला. इंजिनाजवळ नवी बॅटरी घातली, तिची तार आत आणली, जुन्या तारा येतात त्याच रबरी बोळातून. नवं भोक नाही. खोका नुसता सरकवून ठेवला.

ह्यांच्या बँडची जुनी टेप होती, धडधड्याने ती पेनड्राइव्हच्या एवढ्याशा कांडीत भरून दिली. मी आणि सूनबाईने ह्यांना धरून सीटवर बसवलं. मी म्हटलं, ‘लाव!’

घर्रर्र! डबीत भुंगा कोंडल्यासारखा आवाज! ह्यांनी तोंड वाकडं केलं आणि दार ढकलायला लागले. गाडीतून उतरायचं होतं त्यांना. ह्या गाडीतून!

खाली वाकून बघितलं. सीटच्या स्प्रिंगा खोक्यावर टेकलेल्या. मी रिकाम्या सीटखाली हात घातला होता! माणूस बसला की सीट खाली बसते. तीस वर्षं मी पोरींना हेच शिकवलं — माप घेताना सीटवर कुणालातरी बसवा गं! आणि आज मीच विसरले. वहीबाई, तुला विसराळू म्हटलं ते मागे घेते. अर्धं.

खाली नेलेला जेवणाचा डबा न खाता वर आले. आता गाडीकडे बघतसुद्धा नाहीत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दीड चमचा. मला सांगायला तोंड नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पण एक गोष्ट रात्री आडवी झाल्यावर डोक्यात आली. तोंड वाकडं केलं. सहा महिन्यांत त्या चेहऱ्यावर काही उमटलं का? नाही. म्हणजे पोचलं! वाईट पोचलं, पण पोचलं.

सकाळीच धडधड्याला बोलावलं. म्हणाला, ‘आजी, ह्याहून पातळ खोका मिळत नाही.’ म्हटलं, ‘खोका राहू दे. सीट उचल.’

सीट गाडीला चार बोल्टांवर असते. ते चार काढायचे. त्यांच्या खाली लाकडाचे ठोकळे, दोन-दोन बोटांचे. मग तेच बोल्ट, फक्त लांब, त्याच जुन्या भोकांत. खोक्यावरून लोखंडी पट्टी, तिची टोकंही त्याच ठोकळ्यांखाली दाबलेली. नवीन भोक कुठे आहे? दाखव!

धडधड्या म्हणाला, ‘पण आजोबांचं डोकं छताला लागेल.’

‘टक्कल आहे रे. केसांची जागा वाचली.’

रविवार, १६ फेब्रुवारी

सीट बाहेर काढली, अंगणात उलटी टाकली आणि उसवली. आतल्या पट्ट्या सैल झालेल्या. त्या ताणून नव्याने शिवल्या, म्हणजे बूड कमी खचेल. हाताची बोटं वाकत नाहीत आता. एक टाका घालायला पूर्वीच्या दहा टाक्यांचा वेळ. सूनबाई सुई ओवून देत होती. तिच्या मापाने दोरा ओवला की मी परत काढायला लावायचे. शेवटी म्हणाली, ‘आई, तुम्हीच ओवा.’ मला सुईचं भोक दिसत नाही, हे तिला माहीत आहे. टवळी!

तेवढ्यात मुलगा आला. ‘अगं आई! काय केलंस हे!’

टॉर्च घेऊन गाडीत शिरला. भोकं मोजली. चार. परत मोजली. चारच. बाहेर आला. मग शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि सीट एकट्याने उचलून आत ठेवली. बोल्टही त्यानेच आवळले. ह्या वेळी आधी त्यालाच सीटवर बसवलं आणि मग खाली हात घातला. बोट आरामात फिरतं.

‘आई, बाबा नाहीच बसले तर?’

‘बसतील.’

‘आणि काही झालंच नाही तर?’

‘तेवीसला तुझी गाडी तुला. तोवर माझी.’

सोमवार, १७ फेब्रुवारी

नाही बसले. गाडीच्या दारापर्यंत आले आणि पाय रोवले. दोन चमचे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज मी आधी बसले. त्यांच्या जागेवर. मुद्दाम! पन्नास वर्षांत त्या सीटवर मी टेकले तरी त्यांना खपायचं नाही. चाकांच्या खुर्चीतून बघत होते. मी पाय पसरले, काच खाली केली. भिवई हलली. मग हात हलला — ऊठ!

उठले. हे बसले!

मी चालवणाऱ्याच्या जागी, कानात कापूस. धडधड्याने आवाज आधी अगदी कमी ठेवला, मग जरा जरा वाढवला. बुटांच्या तळातून आलं, गुडघ्यात आलं, मग पोटात. वाटीतल्या पाण्यावर गोल गोल चकत्या. कापसातून मला काही ऐकू येत नव्हतं, पण कुठलं गाणं चाललंय ते कळत होतं. त्यांनी तळवा समोरच्या पत्र्यावर ठेवला. मग बोट. मग पूर्ण हात — धम्, धम्, धम्-धम्. मध्ये थांबले, कपाळाला आठ्या. टेपमध्ये तिथे ड्रम चुकला होता. त्या वर्षी ते आजारी होते, ड्रम दुसऱ्याने वाजवला होता!

माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही.

पाच चमचे. लिही मोठ्या अक्षरात. असतं ना मोठं अक्षर?

बुधवार, १९ फेब्रुवारी

सूनबाई मागच्या सीटवर बसून लिहितेय. अक्षर हलतंय, ते सबवूफरमुळे. तिच्या डोळ्यांत पाणी आहे म्हणून नाही, असं ती म्हणते.

आत्ता, सहाव्या चमच्याला, हे बोलले. एकच शब्द. ‘अळणी.’

मुलगा दारापाशी उभा होता. वर गेला, त्या गाड्या जमवणाऱ्याला फोन करायला — येऊ नका म्हणून.

बास, वही मिट आणि तूही वर जा. हा लगदा परत ने. दोन उकडलेली अंडी, बटाट्याच्या मऊ फोडी, आणि मीठ वेगळ्या पुडीत बांधून खाली पाठव. जरा जास्तच पाठव.