घरजावयाचा पंप

लिन्थिपे, ९ जुलै २००६

ति. फानुएलदादास शि. सा. न.

मुलं बरी आहेत. पाऊस आता थेट नोव्हेंबरात, म्हणून आपल्या ओढ्याकाठच्या मळ्यासाठी माझ्या लाझारोने पायाने चालवायचा पंप आणलाय. मी त्यावर चढले की बायका म्हणतात, टियामिके, नाचायचंच तर ढोलवाला तरी बोलाव.

पण दादा, तो पंप जमिनीत कायमचा बसवत नाही. रोज संध्याकाळी सोडवतो, सायकलला बांधून घरी आणतो. सकाळी पुन्हा जोडेपर्यंत ऊन चढतं आणि वरच्या वाफ्यातला मका वाळतो. चोरांची भीती, म्हणतो. शेजारीण म्हणाली, अगं, दावं सोडूनच ठेवलंय त्याने, कधीही आईच्या गावी जाईल. मी हसले, मग चुलीपाशी रडले. तू आमच्या लग्नाचा जामीन, आमच्यातलं बिनसलेलं मिटवणं तुझ्याकडे, म्हणून तुलाच लिहिते. लोभ आहे, तो कागदावर दिसू दे.

तुझी टियामिके

झोम्बा, २१ जुलै

चि. टियामिकेस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. दोष त्याचा नसावा. लग्नात मी त्याला चारचौघांत म्हणालो होतो, घरजावई म्हणून कुदळ घेऊन येतोयस, जाशील तेव्हा कुदळच ने. जमिनीत रोवलेलं सगळं आमच्या बहिणीचं. रीत म्हणून बोललो, असं स्वतःला सांगत आलो. खरं तर मास्तरकी नुकती लागली होती, मोठेपणा मिरवायचा होता. लोक हसले, तो खाली बघत राहिला. सोळा वर्षं त्याने ते मनात ठेवलं असेल, असं मला कधी वाटलंच नाही.

त्याला वाचून दाखव: जावईबापू, मी चुकलो. पंप रोवलात तरी तुमचाच. आमच्याशी बिनसलं तर उपटून न्या, कोणी अडवणार नाही. चारचौघांत बोललो होतो, तेव्हा हेही चारचौघांतच बोलायला ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी येतो. माया पातळ होऊ देऊ नका.

तुझा फानुएल

लिन्थिपे, १३ ऑगस्ट

ति. दादास शि. सा. न.

तू सगळ्यांसमोर बोललास तेव्हा लाझारो गप्प राहिला, म्हणून तू खट्टू होऊन बसमध्ये चढलास. तो असाच आहे. मंगळवारी त्याने सिमेंट कालवलं, पंपाचे पाय त्यात रोवले आणि ते वाळेपर्यंत कोंबड्या हाकत बसला. वरच्या वाफ्यांना आता सकाळीच पाणी मिळतं. शेजारणीने विचारलं, बायकोशी भांडण झालं तर रे? म्हणाला, ते तर रोजच होतं.

काल पाहते तर ओढ्याच्या कडेने केळीचे मुनवे लावत होता. घड यायला दीड वर्ष लागेल. मी म्हटलं, एवढ्या लांबचं कशाला? म्हणाला, इथली ओल चांगली आहे.

आम्हा दोघांवर लोभ असू दे.

तुझी टियामिके