आमच्या गल्लीची शुद्ध हवा

८ डिसेंबर
हवा मोजणारं यंत्र तयार! सरकारी यंत्राला लाखो रुपये पडतात. माझं पिशीमाच्या जुन्या टिफिनात बसलं. पंखा हवा ओढतो, प्रकाशाचा किरण धूळ मोजतो, बाहेर आकडा. मला वाढवणाऱ्या या आत्याचा दमा आता माझ्यामुळेच बरा होणार. आकडे दाखवून वाळूच्या लॉऱ्या गल्लीतून बंद करायच्या, मग तिने खुशाल खिडकी उघडून बसावं. तिला सांगितलं. म्हणाली, बुबाई, आधी न्हाणीघरातला बल्ब बदल.

९ डिसेंबर, सकाळ
यंत्र खिडकीबाहेर टांगलं. आकडा ३१०. भयंकर! आनंदाने चहा सांडला. गल्लीतल्या क्लबचे सेक्रेटरी घेंटूदा म्हणाले, दोन आठवड्यांचे आकडे दे, पोलिसांकडून लॉऱ्या बंदच करवतो. बल्ब उद्या.

१२ डिसेंबर
कलकत्त्यात सतरा अंश! सगळे मफलरमध्ये. पिशीमाने यंत्रालाही माझी लहानपणची लोकरी माकडटोपी गळ्यापर्यंत चढवली. म्हणे, बाहेर टांगलंयस लेकराला, सर्दी होईल. विज्ञान घरोघरी पोचतं ते असं. डोळे भरून आले. टोपी राहू दिली. आकड्यापुरती फट ठेवली.

१३ डिसेंबर
आकडा २२. बावीस! कालच लॉरीवाल्यांना हात जोडून सांगितलं होतं, उभं असताना इंजिन बंद ठेवा. हसले मेले, पण मनातून हललेले दिसतात.

१७ डिसेंबर
आकडा १९. लॉऱ्या मात्र तेवढ्याच. म्हणजे हा माझ्या तुळशीच्या दोन कुंड्यांचा परिणाम. पिशीमा रात्रभर खोकली. समजावलं, हवा शुद्ध आहे, खोकला मनाचा असणार. तिने असं पाहिलं की मी कुंड्यांना पाणी घालायला गेलो.

२२ डिसेंबर
घेंटूदांनी अर्ज लिहूनच आणला होता: गल्लीतली हवा विषारी आहे. मी 'विषारी' खोडून 'शुद्ध' केलं. शास्त्रज्ञ खोटं बोलत नाही. घेंटूदांनी दोनदा विचारलं, बुबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? मी ठसठशीत सही ठोकली आणि अर्ज स्वतःच पोलिसांना देऊन आलो. नोलेन गुळाचे, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचे, संदेश पेढे आणले. एकट्यानेच खाल्ले.

४ जानेवारी
पोलिसांचा हुकूम. शेजारच्या गल्लीतल्या लॉऱ्याही आता आमच्याच गल्लीतून. कारण इथली हवा उत्तम! घेंटूदा दारात उभे राहून जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. टोपी फार मळली होती म्हणून धुवायला काढली. आकडा ३८८.
यंत्र पहिल्यापासून बरोबर होतं, हे नोंदवून ठेवतो.

७ जानेवारी
पिशीमा चंदननगरला बहिणीकडे निघाली. किती दिवस ते बोलली नाही. मी म्हटलं, उन्हाळ्याच्या आत लॉऱ्या बंद करवतो, मग ये. म्हणाली, तू खिडक्या लावून घेत जा. पाया पडलो. टॅक्सीचं दार लागलं. पण पुढे लॉऱ्यांची रांग, टॅक्सी दारातून हलेना. निरोप तर घेऊन झालेला. ती काच वर करून आत, मी बाहेर. दोघंही खोकत राहिलो.