दुखवट्यातला रेफ्री

पूर्णा, सोमवार, ता. १० फेब्रुवारी १९४१

आज सकाळची गाडी उशिरा आली. हिंगोलीकडची हळद उतरवून घेतली, एक पोते फाटले. दुपारी वरण करपले. बाकी विशेष नाही. रात्री अण्णांना पत्र लिहिले, ते असे:

वीरभद्रअण्णांस मल्लिकार्जुनचा शरणार्थ. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? माझी प्रकृती ठीक आहे. तुमची बहीण उमा गेल्यापासून इथले लोक मला काही विचारत नाहीत, नुसते बघतात, आणि मला तेच बरे पडते. पण गेल्या शुक्रवारी सुटीच्या दिवशी त्यांनी माझ्या गळ्यात शिटी अडकवली, हे तुम्हाला कळवणे भाग आहे.

आमच्या लोकोशेडचे फुटबॉल तुम्ही पाहिलेले नाही. या खेळात चेंडूला हात लावायची मनाई आहे, त्यामुळे सगळ्यांचे हात रिकामे राहतात आणि ते रेफ्रीच्या कामी येतात. मागच्या खेपेला किशनराव मास्तर रेफ्री होते. त्यांना सिग्नलच्या खांबावर चढावे लागले, आणि दिलेला गोल परत घेईपर्यंत कोणी खाली उतरू दिले नाही. (गोल परत घेतल्यावर दुसरी बाजू खांबाखाली आली, ते वेगळेच.) यार्डाच्या साहेबांनी बजावले आहे की आणखी एक मारामारी झाली तर मैदानात रुळांखालचे स्लीपर रचून ठेवतील. तेव्हा सगळ्यांनी मिळून विचार केला की दुखवट्यातल्या माणसावर कोणी हात टाकत नाही, म्हणून पार्सलबाबूंना, म्हणजे मला, उभे करावे. मी नाही म्हणालो, पण ते फार हळू म्हणालो असेन. उमा म्हणायचीच, तुम्ही हमालालासुद्धा खुणेने बोलावता.

मला तुमचे छावणीतले पत्र आठवले. तिथले गोरे शिपाई तो लांबट चेंडू काखेत मारून एकमेकांना चिखलात लोळवतात, कान फाटतात, पण पंचाने शिटी फुंकली की ‘सर’ म्हणून गप्प उभे राहतात आणि बोलायचे ते एकटा कप्तान बोलतो. तोच कायदा मी लावला. दोन्ही कप्तानांच्या दंडाला लाल फडके बांधले आणि सांगितले, फडके असेल तोच बोलेल.

आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या सेलूच्या जिनिंगवाल्यांचा आश्रुबा पहिल्याच फाऊलला मुठी आवळून धावत आला. त्याच्याकडे फडके नव्हते. तो आपल्या कप्तानाकडे गेला, गाठ सोडवली, स्वतःच्या दंडाला दातांनी बांधली, परत माझ्यापुढे आला, ‘सर’ म्हणाला आणि थांबला.

“काय म्हणणं होतं?” मी विचारले.

“आता ध्यानात न्हाई, सर. पन तवा लय चीड आली व्हती.”

मग तीच रीत पडली. (कायद्यात हे बसत नाही, मला ठाऊक आहे. गोऱ्यांचा कप्तान एकच असतो, आमचे त्या दिवशी पंधरा-सोळा तरी झाले असतील.) गाठ बसेपर्यंत राग निम्मा होई. एकदा फडक्यासाठी तिघे रांगेत उभे होते आणि तिसरा दुसऱ्याला म्हणाला, “आवर की लवकर, माझा राग चाललाय.” सामना बरोबरीत सुटला, कोणी खांबावर चढले नाही. येत्या शुक्रवारी तो पुन्हा खेळायचा आहे. अण्णा, त्या दिवशी मी फार मोठ्याने शिटी वाजवली, आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

तुमचा,
मल्लिकार्जुन

ता. क. नवे धोतर-पागोटे घेऊन गुरुवारी दुखवटा काढायला येतो, असे तुमचे कार्ड आले आहे. आमचा फिटर चंद्रभान हात जोडून म्हणाला, “बाबू, मॅच होईस्तवर दुखवटा काढू नका. तुमी नव्या पागोट्यात आलात की पोरं तुमाला सोडनार न्हाईत.” म्हणून हे पत्र. कृपा करून शनिवारी या.

आणखी एक. वरचे लिहून झाल्यावर पत्र पुन्हा वाचून काढले. लोक माझ्या दुःखाला मान देतात की शिटीला, हे दुखवटा असेपर्यंत मला कधी कळायचे नाही. तुम्ही गुरुवारीच या. पागोटे आणा, शुक्रवारी मी ते घालूनच उभा राहीन. (सिग्नलचा खांब पाहून ठेवला आहे, चढायला अवघड नाही.)

पत्र पाकिटात घातले. दारात कोणी हाक मारत नाही, तोवर पातेल्याचे करपलेले बूड राखेने घासून टाकतो.