सत्कार अरुंधती मॅडमचा

३ फेब्रुवारी, सोमवार
पुण्याच्या हेड ऑफिसचं पत्र. जुनाट आजार असलेल्यांची नोकरी टिकवा. आमच्या सदर भागातल्या कुरिअर शाखेचा 'आरोग्यमित्र' मी, खुद्द मॅनेजर! माणसाची पारख आहे पुण्याला. पेशंट एकच: बिलिंगच्या अरुंधती मॅडम. संधिवात. दोन महिन्यांत ठणठणीत करतो.

४ फेब्रुवारी
मॅडमशी बोललो. म्हणाल्या, सर, सकाळी बोटंच उघडत नाहीत, अकराला येऊन सातला गेले तर? सव्वादहानंतर अंगठा लावला की हजेरीचं मशीन अर्धी रजा कापतं. रजा संपत आल्या, मग नोकरी सोडावीच लागेल. समजावलं, नियम तो नियम. खरी गरज इच्छाशक्तीची.

७ फेब्रुवारी
मॅडमच्या टेबलासमोर पोस्टर लावलं, 'तुम्ही एकटे नाही'. छान दिसतं.

१२ फेब्रुवारी, स. ९.३०
योगवर्ग सुरू. मॅडम सोडून सगळे हजर. ज्यांच्यासाठी केलं, त्यांनाच कदर नाही. आमचे शिपाई नत्थूजी म्हणाले, साहेब, मॅडमले एक तास काहून नाही देऊन राहिले? हसलो. पॉलिसीतलं त्यांना काय कळणार!

२१ फेब्रुवारी
रात्रभर विचार करून सुचलं. जाहीर सत्कार! शाल, श्रीफळ, फोटो थेट पुण्याला.

२८ फेब्रुवारी
सत्कार. मॅडम भिंत धरत बरोबर दहाला आल्या. बघा, मनावर घेतलं की जमतं. दारातच हार घातला. 'आजारावर मात' या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. नारळ दिला, तो त्यांच्या बोटांतून सुटून माझ्या पायावर. या गडबडीत त्यांचा अंगठा लावायचा राहिला. अर्धी रजा गेली. शेवटची होती म्हणे. मशीनपुढे माझं काय चालणार?

३ मार्च
पाय सुजला. साडेअकराला पोचलो. मॅनेजरला अंगठा नाही, ते एक बरं.

१० मार्च
मॅडमचा राजीनामा. जरीपटका भागात एका कापडवाल्याकडे हिशेब बघणार. विचारलं, तिथे योगा आहे? समुपदेशन? म्हणाल्या, काही नाही जी, अकराला या म्हणाले.

१९ मार्च
पुण्याचा फोन. सत्काराचा फोटो फार आवडला, पुस्तिकेत छापणार. 'शाखेने माझी नोकरी कशी वाचवली' यावर मॅडमच्या शब्दांत दोन ओळी आजच हव्यात.
मॅडमच्या रिकाम्या टेबलाशी कागद घेऊन बसलो. लाज वाटली. एकही ओळ सुचली नाही.