भाल्यांच्या काठ्या

कंपू, ग्वाल्हेर
१२ जानेवारी १९५१

तीर्थरूप आईच्या पायांवर म्हादूचं डोकं.

आम्ही बापलेक बरे आहोत. थंडी फार आहे, पण तुझं घोंगडं पुरतं.

संस्थान विलीन झालं, तसं घोडदळही मोडलं. आता भाल्यांना काठ्या लागत नाहीत. सोमवारी नवे साहेब बाबांना म्हणाले, "मिस्त्री, गोदाम खाली करो. सारे बाँस काट दो." बागेच्या कुंपणाला हवे होते. बाबांनी वीस वर्षं शेकून, तेल पाजून सरळ केलेले बांबू ते. मी म्हटलं, "मी कापतो." ते म्हणाले, "नको. परक्याच्या हातून जाऊ नयेत, तसे तुझ्याही नकोत." तीन दिवस एकटेच कापत होते. तेव्हापासून एका भाकरीवर उठतात.

मला इथल्याच हजिरा बाजारात टोपल्या-शिड्यांचं काम मिळालंय, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का?

बाबा शेजारीच बसलेत. त्यांना वाचता येत नाही. "काय लिहू?" विचारलं, तर म्हणाले, "काम गेलं ते लिहू नको. आमचे हे सरकारी भालेवाले, असं ती माहेरी सांगत असते."

आई, ते होळीला गावी येतील. तू त्यांना कामाचं काही विचारू नकोस.

तुझा लेक,
म्हादू