आतल्या खोलीचं दार

८ फेब्रुवारी २००४, मेहकर (ता. भालकी)

पहिली नोकरी आणि पहिलं स्वतःचं बिऱ्हाड! औरादच्या स्टँडवर आईनं डोळ्यांना पदर लावला. मी मात्र भालकी येईपर्यंत शेंगा सोलून खात होते. इथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले. घरमालकीण गुरुबाई एकट्याच असतात. मुलगा भीमराज हैदराबादला बांधकामावर होता, तिथंच परांचीवरून पडून गेला, एवढंच बोलल्या. मला दोन खोल्या दिल्यात. चूल पेटवू नको, आज माझ्यातच जेव म्हणाल्या. कडक भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. पोटभर जेवले.

आतल्या खोलीचं दार तेवढं अडकतं. खांदा लावून रेटलं तरी वीतभरच उघडलं.

११ फेब्रुवारी

व्यंकट सुतार आला. दाराच्या कडेला रंधा मारला, खालची बाजू तासली, वरची बिजागरी बदलली. आता एका बोटानं उघडतं. खोली छान आहे, खिडकीतून शेत दिसतं. खाट आतच टाकली.

पावसाळ्यात लाकूड फुगून दार अडकतं हे ठीक, पण ऊन तापायला लागल्यावर याला काय झालं, असं व्यंकट पुटपुटत होता. गुरुबाई अंगणातून बघत होत्या. उंबऱ्याशी काही आल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी

लसीकरणाहून परत आले तर दार पुन्हा घट्ट. व्यंकटनं ते उतरवून चौकट मापली. चौकट सरळ. दार परत बसवलं, लोटलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते मधेच थांबलं. कडेनं बोटभर फट, फटीतून ऊन दिसतंय, कुठंही टेकलेलं नाही. तरी हलेना.

"सिस्टर, दार न्हाई अडकायलंय. आतून कुणीतरी रेटायलंय."

एवढं बोलून त्यानं हत्यारं गोळा केली. चहालाही थांबला नाही.

१६ फेब्रुवारी

दुपारी त्या दारावर आतून थाप ऐकली. अगदी खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं. मी गुरुबाईंना हाक मारली. त्या आल्या, ऐकलं, आणि भिंतीला धरून खालीच बसल्या.

मग सगळं सांगितलं. भीमराजची बायको तुळजा. सातवा महिना. पावसाळ्यात त्याचं प्रेत गाडीतून आलं, घर बायाबापड्यांनी भरलं, रडारड सुरू झाली. तुळजा आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिला तिथंच कळा सुरू झाल्या. दार फुगलेलं, तिच्यानं उघडेना. ती थापा मारत होती. बाहेरच्यांना वाटलं, नवऱ्यासाठी ऊर बडवायलीय.

"मीच म्हणले, रडू द्या, मोकळी होईल. मीच म्हणले गं, पोरी."

दार फोडलं तेव्हा ती दाराला टेकूनच होती. बाळही गेलं होतं.

मी त्यांना कुशीत घेतलं.

१७ फेब्रुवारी

झोप नाही. सकाळीच व्यंकटच्या हातापाया पडून त्याला आणलं. दारच काढून टाकलं. फळ्या परसात नेऊन ठेवल्या. आता नुसती चौकट. आतली खाट दिसते, खिडकी दिसते.

मी आत जायला पाय उचलला — आणि थांबले. पुढं काहीच नाही. तरी तळहाताला कुणाची तरी पाठ लागते. उबदार. कण्हताना हलते.

व्यंकट पळून गेला.

१८ फेब्रुवारी

मीच गुरुबाईंना म्हटलं, तेव्हा हाक मारली नाहीत, आता मारा. त्या नको नको म्हणत होत्या. मी आग्रह केला. मीच केला —

त्या उंबऱ्यावर बसल्या. चौकटीत कपाळ टेकलं.

"तुळजा, माय, ऐकायलेय मी. आले बघ."

कपाळ पुढं गेलं. अडवायला काही राहिलं नव्हतं. त्या आत गेल्या.

१८, दुपार

पाणी तापत ठेवलंय. तेवढ्यात लिहिते. गुरुबाई जमिनीवर बसल्यात, मांडीवर काही नाही, तरी कुणाच्या तरी केसांवरून हात फिरवतायत. फरशी ओली होत चाललीय. मला सारख्या बोलवतायत. डोकं दिसायलंय म्हणतात, लवकर ये —

भीती वाटते. पण बाळंतपण टाकून कशी जाऊ? हेच तर माझं काम.

हातमोजे चढवले. जाते.

१८

डाव्या हातात काही दिसत नाही. तरी जड आहे. ओलं, ऊन. बारीक रडतंय. उजव्या हातानं लिहितेय, काय झालं ते कुणाला तरी कळावं म्हणून —

तुळजाचं कण्हणं थांबलंय.

गुरुबाई भिंतीला टेकून हसऱ्या तोंडानं बसल्यात. हाका मारल्या. हलवलं. नाडी लागत नाही —

आणि हे — सातव्याचंच आहे, किती हलकं होत चाललंय — छातीशी धरलंय, अंगठ्यानं पाठ चोळतेय, रड बाळा, रड ना — आता नुसता श्वास — एक — परत —